पडलेल्यांचं तारण : कार्थेज, इ.स. २५०



आजचा प्रश्न ख्रिस्ती धर्माच्या इतिहासातला आहे. एखाद्या माणसाने विश्वास ठेवला, बाप्तिस्मा घेतला, मंडळीत त्याची ऊठबस सुरू झाली, आणि पुढे कधीतरी तो विश्वासापासून ढळला. भीतीने ढळला असेल, लोभाने ढळला असेल. त्याचं तारण गेलं का? की एकदा मिळालेलं तारण जातच नाही?

चर्चमध्ये वाढलेल्यांना हा वाद नवा नाही. बाकीच्यांसाठी आधी शब्दाकडे पाहू. आपल्याकडे बँकेच्या दारावर 'सोनेतारण कर्ज' अशी पाटी असते. तिथलं तारण म्हणजे कर्जापोटी ठेवलेली वस्तू. मराठी बायबलमधलं तारण म्हणजे बुडत्याला तारणं, म्हणून येशू हा तारणारा. पण गंमत अशी की बायबललाही व्यवहाराची भाषा परकी नाही. देवाचा आत्मा हा पुढे मिळणाऱ्या वतनाचा 'विसार' आहे, असं पौल म्हणतो; मराठी भाषांतरकारांनी नेमका बाजारातला शब्द उचलला. विसार देणारा खुद्द देव असेल तर सौदा मोडेल कसा, असं एक बाजू म्हणते. माझी मेंढरं माझ्या हातून कोणी हिसकावू शकत नाही, या अर्थाचं येशूचं बोलणं योहानाच्या शुभवर्तमानात आहे, तेही ती पुढे करते. दुसरी बाजू इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा सहावा अध्याय उघडते. एकदा प्रकाश पाहून जे मागे फिरले त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य, असं तिथे कडक शब्दांत सांगितलं आहे.

वचनाला वचन लावत बसलं तर रात्र सरेल. मला वेगळं विचारायचं आहे. हा प्रश्न हजारो माणसांच्या अंगावर एकाच वेळी कधी कोसळला? आणि तेव्हा लोकांनी काय केलं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर नेमकं देता येतं : इ.स. २५०.

त्याच्या आदल्या वर्षी डेशियस नावाचा सेनापती रोमचा सम्राट झाला. साम्राज्याची अवस्था वाईट होती. सरहद्दीवर गॉथ टोळ्या, आत बंडं, आणि सम्राट तर इतक्या झपाट्याने बदलत होते की नाण्यांवरचा चेहरा ओळखीचा व्हायच्या आत नवा यायचा. देव कोपले आहेत, त्यांना शांत करायला हवं, हे डेशियसचं निदान. त्यातून फर्मान निघालं की साम्राज्यातल्या प्रत्येकाने आपापल्या गावी देवांना बळी द्यावा, मद्याचं अर्घ्य सोडावं, प्रसादाचा घास खावा आणि तसा दाखला घ्यावा.

हे दाखले इजिप्तच्या कोरड्या वाळूत टिकून राहिले. चाळीसहून जास्त सापडले आहेत, बरेचसे फय्यूम भागातले, बहुतेक २५० सालच्या जून-जुलैतले. मजकूर जवळपास एकच : मी देवांना नेहमीच बळी देत आलो आहे, आताही पंचांसमोर दिला, अर्घ्य सोडलं, प्रसाद चाखला, तरी सही मिळावी. ऑरेलियस डायोजेनीस नावाच्या एका गावकऱ्याचा दाखला प्रसिद्ध आहे. वय ७२, ओळखीची खूण : उजव्या भुवईवर जखमेचा वण. तारीख २६ जून २५०. आपल्या सरकारी फॉर्मवरचा 'शरीरावरील ओळखखूण' हा रकाना किती जुना आहे बघा.

आणखी एक दाखला मला फार बोलका वाटतो. तो आहे मगरदेव पेतेसूखोसच्या पुजारणीचा. जिचा जन्म देवळात गेला तिलाही देव मानते म्हणून दाखला काढावा लागला! म्हणजे फर्मान केवळ ख्रिस्ती लोकांना हुडकून काढायला निघालेलं नव्हतं. ते सर्वांसाठी होतं. पण सर्वांना जे पाच मिनिटांचं काम, तेच ख्रिस्ती माणसाला विश्वास मोडण्यासारखं होतं. आधीचे छळ एखाद्या शहरापुरते, एखाद्या सुभेदाराच्या लहरीवर चालायचे. आता साम्राज्यभर प्रत्येक घरासमोर एकच प्रश्न : दाखला आहे का?

आता कार्थेजला जाऊ. आजच्या ट्युनिस शहराला लागून तिचे अवशेष आहेत. उत्तर आफ्रिकेतलं हे भरभराटीचं बंदर, आणि तिथली ख्रिस्ती मंडळीही मोठी. तिचा बिशप सिप्रियन. पूर्वाश्रमीचा वक्तृत्वशास्त्राचा नामवंत शिक्षक, घरचा श्रीमंत, ख्रिस्ती होऊन जेमतेम दोन-तीन वर्षं होतात तोच बिशपपदावर आला. जुन्या धर्मसेवकांपैकी पाच जणांना ते पहिल्यापासून खुपत होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फर्मान आलं आणि सिप्रियनने डोळ्यांनी जे पाहिलं, ऐकलं, ते पुढे 'पतितांविषयी' या लहानशा पुस्तकात लिहून ठेवलं. छळ होऊन माणसं मोडली असती तर त्याला समजलं असतं. पण इथे कोणी हात लावायच्या आधीच लोक चौकाकडे धावले. संध्याकाळ झाली म्हणून अधिकारी 'उद्या या' म्हणत होते आणि लोक 'आजच उरकून टाका' म्हणून गयावया करत होते. आईबाप तान्ह्या मुलांना कडेवर घेऊन आले आणि त्यांच्या तोंडातही प्रसाद कोंबला. एका मुलीची गोष्ट तो सांगतो. तिला दाईने पंचांकडे नेलं, मद्यात भिजवलेला भाकरीचा तुकडा तिच्या तोंडात गेला. आईला पत्ता नव्हता. पुढे मंडळीत प्रभुभोजनाचा प्याला ओठांशी आला तेव्हा पोरीने तोंड घट्ट मिटलं, बळेच पाजलं तर ओकून टाकलं. सिप्रियनला यात देवाचा कौल दिसतो. मला त्यात एक भेदरलेलं मूल दिसतं. पण त्या काळच्या मंडळीला घास आणि प्याला या गोष्टी किती खऱ्या वाटत होत्या, ते यातून कळतं.

पडलेल्यांचे प्रकार झाले. कोणी प्रत्यक्ष बळी दिला. कोणी चिमूटभर धूप जाळून सुटका करून घेतली. आणि तिसरे चतुर : त्यांनी बळीही दिला नाही, धूपही जाळला नाही, पंचांचे हात ओले करून नुसता दाखला मिळवला. या दाखलेवाल्यांचं म्हणणं सिप्रियनच्या एका पत्रात आलं आहे, ते ऐकण्यासारखं आहे. मूर्तींना बळी द्यायचा नाही असं बिशपनेच शिकवलं. म्हणून तर मी अधिकाऱ्याला सांगितलं की मी ख्रिस्ती आहे, मला ते जमणार नाही, आणि जमणार नाही म्हणून पैसे भरले. यात पाप कोणतं? लाच देऊन प्रामाणिक राहण्याचा हा मार्ग आपल्याला अगदीच अनोळखी नाही.

दुसऱ्या टोकाला होते तुरुंगात गेलेले. रोमचा बिशप फेबियन जानेवारी २५० मध्येच गेला. कार्थेजच्या कोठड्यांत माणसं भुकेने, तहानेने मारली जात होती. जे मेले ते रक्तसाक्षी; जे छळ सोसून जिवंत राहिले त्यांना आपण साक्षीवीर म्हणू.

आणि बिशप? बिशप लपला होता. त्याची मालमत्ता जप्त झाली, तो स्वतः शहराबाहेर अज्ञात ठिकाणी गेला आणि तिथून पत्रांवर मंडळी चालवू लागला. रोमच्या धर्मसेवकांनी कार्थेजला एक पत्र पाठवलं, त्यात पळणाऱ्या मेंढपाळाची गोष्ट खुबीने घातली होती. सिप्रियनने ते पत्र परत पाठवलं. वर लिहिलं की यात कोणी कोणाला लिहिलं ते स्पष्ट नाही. अक्षर, मजकूर आणि कागदसुद्धा संशयास्पद वाटतो, तेव्हा हे तुमचंच आहे का ते पाहून घ्या. अपमान असाही परत करता येतो.

पण या साऱ्यात आपला प्रश्न नेमका उभा राहतो तो दोन मित्रांच्या पत्रव्यवहारात. हा पत्रव्यवहार सिप्रियनच्या पत्रसंग्रहातच टिकला आहे. रोमला सेलेरिनस नावाचा तरुण होता. डेशियसच्या समोर उभं राहून त्याने विश्वासाची कबुली दिली होती, एकोणीस दिवस बेड्यांत काढले होते. असा माणूस सुटून आल्यावर आनंदात असायला हवा. पण ईस्टरचे सणाचे दिवस तो रडून काढतो, कारण त्याची बहीण पडली. तो कार्थेजच्या तुरुंगातल्या लुसियानस या मित्राला लिहितो : न्यूमेरिया आणि कँडिडा या आपल्या बहिणींसाठी काहीतरी कर. एकीने बळी दिला. दुसरी देवळापर्यंत गेली खरी, पण बळी न देता पैसे भरून परत फिरली. आणि मग तो त्यांच्या बाजूने पुरावा मांडतो. कार्थेजहून परागंदा होऊन आलेले ख्रिस्ती रोमच्या बंदरावर उतरले तेव्हा या दोघी त्यांना घ्यायला गेल्या. पासष्ट माणसांचं खाणंपिणं, राहणं त्या बघत आहेत. यांना क्षमा नाही का?

हे पत्र वाचताना मला एक जाणवतं. सेलेरिनस एकाही वचनाचा अर्थ लावत बसत नाही. तारण जातं की नाही हे तत्त्व त्याला ठरवायचंच नाही. बहीण पडली हे तो मान्य करतो, तिने गमावलं हेही मान्य करतो. त्याला इतकंच हवं आहे की ज्याच्या शब्दाला देवाकडे वजन आहे अशा कोणीतरी शब्द टाकावा.

लुसियानसने तो टाकला. रक्तसाक्षी मरताना आम्हाला सांगून गेले, पडलेल्यांना समेट द्या; म्हणून आम्ही सगळ्यांना दिला, असं त्याचं उत्तर. आणि तुरुंगातून समेटाच्या चिठ्ठ्या सुटू लागल्या. अमुक माणसाला मंडळीत घ्यावे. काही चिठ्ठ्यांवर तर 'अमुक आणि त्याची माणसे' एवढंच. सिप्रियन वैतागून लिहितो की एका चिठ्ठीवर वीस-वीस, तीस-तीस जण दारात येतील, त्यांना मी काय करू? शेवटी साक्षीवीरांनी बिशपलाच चार ओळींचं पत्र धाडलं : आम्ही सर्वांना समेट दिला आहे, इतर बिशपांनाही कळवा. पत्र लिहिणारा पुन्हा लुसियानसच. त्याच्याबद्दल सिप्रियनचा शेरा आहे की विश्वास ज्वलंत, शास्त्राचं वाचन मात्र बेताचं.

एका दाखल्याने बुडालेली माणसं आता दुसऱ्या चिठ्ठीने तरू पाहत होती. सिप्रियनची अडचण खरी होती. साक्षीवीर म्हणजे मंडळीचे वीरपुरुष, त्यांना नाही कसं म्हणायचं, तेही स्वतः लपून बसलेल्या माणसाने? ते जुने पाच विरोधक या संधीची वाटच पाहत होते. त्यांनी चिठ्ठीवाल्यांना सरसकट आत घ्यायला सुरुवात केली.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण आजचे वाद डोक्यात ठेवून आपण तिसऱ्या शतकात गेलो की गफलत होते. या भांडणात 'तारण जात नाही' असं म्हणणारा एकही पक्ष नव्हता. चिठ्ठीवाले, बिशप, पडलेले स्वतः, सगळ्यांनी धरून चाललं होतं की ते जातं, आणि त्यांच्या शेजारी राहणाऱ्याचं परवाच गेलं आहे. भांडण पुढच्या पायरीचं होतं : गेलेलं परत मिळतं का, आणि द्यायचा अधिकार कोणाचा?

मिळत नाही, निदान आमच्या हातून नाही, असं म्हणणारा रोममध्ये निघाला. नोव्हेशियन हा विद्वान माणूस. त्रैक्यावरचा त्याचा ग्रंथ आजही वाचला जातो. मार्च २५१ मध्ये रोमने कॉर्नेलियसला बिशप निवडलं. नोव्हेशियन रुसला आणि त्याने दुसऱ्या गटाकडून स्वतःचा अभिषेक करवून घेतला. त्याचं म्हणणं असं : पडलेल्यांनी जन्मभर पश्चात्ताप करावा, देव त्यांना क्षमा करील न करील, तो देव आहे. पण मंडळीला ती क्षमा देण्याचा अधिकार नाही, कारण मंडळी ही पवित्रांची आहे.

हे क्रूर वाटतं. मलाही वाटतं. पण त्याच्या बाजूने पाहिलं तर ज्यांचे बाप आणि बहिणी तुरुंगात भुकेने मेल्या, त्यांनी प्रभुभोजनाला कोणाशेजारी बसायचं? पैसे देऊन सुटलेल्याशेजारी? जो पडला नाही त्याच्या न पडण्याला मग काय किंमत राहिली? नोव्हेशियनच्या मागे गेलेले सगळे दगडाच्या काळजाचे नव्हते. त्यात कालपर्यंत बेड्यांत असलेले साक्षीवीरही होते.

कॉर्नेलियसने त्याच्याविरुद्ध अँटिऑकच्या बिशपला एक जहरी पत्र लिहिलं. त्या पत्रात जाता जाता रोमच्या मंडळीचा हिशेब आला आहे : ४६ धर्मसेवक, ७ डीकन, ७ उपडीकन, ४२ सहायक, भुतं काढणारे, वाचक आणि द्वारपाल मिळून ५२, आणि मंडळीच्या अन्नावर जगणाऱ्या विधवा व गरजू १५०० हून अधिक. इतिहासकारांना हे आकडे म्हणजे घबाड. पण आपल्या विषयातही त्यांना अर्थ आहे. ज्याला मंडळीबाहेर ठेवलं त्याचं केवळ परलोकातलं नाही, इथलंही छप्पर गेलं. विधवेची भाकरी गेली.

जाता जाता एक विनोद. कार्थेजच्या सैल गटातला नोव्हेटस नावाचा पुढारी रोमला गेला आणि तिथे कडक नोव्हेशियनला जाऊन मिळाला. सिप्रियनला विरोध एवढा एकच त्याचा सिद्धांत असावा. या दोन नावांनी पुढे इतिहासकार युसीबियसचाही गोंधळ केला. तो नोव्हेशियनलाच नोव्हेटस म्हणतो.

२५१ च्या वसंतात सिप्रियन परतला आणि आफ्रिकेतल्या बिशपांची सभा भरली. तिने जे ठरवलं ते मला विलक्षण शहाणपणाचं वाटतं. सगळ्यांना एक न्याय लावायचा नाही. एकेकाची चौकशी करायची. स्टोइक तत्त्वज्ञ सगळी पापं सारखीच मानतात, आम्ही तसे नाही, असं सिप्रियन एका बिशपला समजावतो. बोलावण्याआधीच धावत गेलेला आणि बराच काळ झगडून मग मोडलेला, हे एक कसे? बायकामुलांना, कुळांना ओढून नेणारा आणि सगळ्या घराचा धोका स्वतःवर घेऊन एकट्याने बळी देऊन घर वाचवणारा, हे एक कसे? दाखलेवाल्यांना चौकशीअंती आत घ्यायचं. प्रत्यक्ष बळी देणाऱ्यांना प्रायश्चित्तात ठेवायचं, पण मरणाच्या दारी असतील तर समेट नाकारायचा नाही.

नंतर तीन माणसांचं एक प्रकरण आलं : निनस, क्लेमेंशियानस, फ्लोरस. हे आधी छळ सोसून उभे राहिले होते. पुढे त्यांना पुन्हा सुभेदारापुढे नेऊन पुन्हा यातना दिल्या, तेव्हा देह हरला. जवळपास तीन वर्षं ते प्रायश्चित्त करत होते. सिप्रियनने लिहिलं की आता पुरे, यांना घ्या. आणि नवा छळ येणार अशी चिन्हं दिसू लागली तेव्हा आफ्रिकेच्या बिशपांनी प्रायश्चित्तातल्या सगळ्यांसाठीच दार उघडलं. कारण साधं होतं : ज्यांना उद्या रक्त सांडायला सांगायचं, त्यांना आज प्याला नाकारून कसं चालेल?

म्हणजे ज्याने २५० मध्ये चिठ्ठ्या अडवल्या तोच दोन-तीन वर्षांत चिठ्ठीवाल्यांच्या जवळ येऊन पोहोचला. फरक एवढा की शिक्का आता बिशपांचा होता. नोव्हेशियनपंथी याला घूमजाव म्हणाले, आणि त्यात तथ्य आहे. पण मुद्दा असा की डेशियस एव्हाना गॉथांशी लढताना मेला होता, माणसं मात्र दारातच उभी होती. दारातल्या माणसाकडे रोज बघावं लागलं की नियम बदलतात. स्वतः सिप्रियन १४ सप्टेंबर २५८ ला, पुढच्या छळात, तलवारीखाली गेला. पळपुटा म्हणणाऱ्यांना त्याने दिलेलं ते उत्तर.

अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस याच सुमारास अँटिऑकच्या बिशपला पत्र लिहीत होता, कारण तो बिशप नोव्हेशियनकडे झुकायला लागला होता. त्याला डायोनिसियसने युक्तिवाद फारसा ऐकवला नाही, एक घटना सांगितली. सेरापियन नावाचा म्हातारा. आयुष्यभर नीट वागला, परीक्षेच्या वेळी पडला. क्षमा मागत राहिला, कोणी दाद दिली नाही, कारण त्याने बळी दिला होता. मग तो आजारी पडला, तीन दिवस वाचा गेली, शुद्ध हरपली. चौथ्या दिवशी जरा सावध झाला तेव्हा मुलीच्या मुलाला म्हणाला, धर्मसेवकाला बोलाव. पोरगा धावला. रात्र होती, धर्मसेवक स्वतः आजारी. पण मरणाऱ्यांनी मागितलं तर नाकारू नका असं डायोनिसियसचं सांगणं होतं, म्हणून त्याने प्रभुभोजनातल्या भाकरीचा लहानसा तुकडा पोराच्या हातात दिला : भिजवून आजोबाच्या तोंडात घाल. पोरगा घरात शिरायच्या आधीच म्हाताऱ्याला कळलं, आलास का बाळा म्हणाला, तो येऊ शकला नाही ना, मग सांगितलंय ते लवकर कर आणि मला जाऊ दे. पोराने तुकडा भिजवला, तोंडात घातला. घास उतरला आणि म्हातारा गेला.

डायोनिसियसला यावरून इतकंच सुचवायचं होतं की या म्हाताऱ्याला कोणीतरी धरून ठेवलं होतं, सुटका होईपर्यंत.

नोव्हेशियनपंथी मात्र संपले नाहीत. पुढे कित्येक पिढ्या त्यांचे बिशप, त्यांची देवळं चालू राहिली. इब्री लोकांस पत्रातलं ते सहाव्या अध्यायातलं वचन त्यांच्या हातातलं शस्त्र होतं. ते इतकं की चौथ्या शतकात ब्रेशियाचा बिशप फिलास्त्रियस नोंदवतो, या लोकांमुळे ते पत्र काही मंडळ्यांत वाचलंच जात नाही. ३२५ च्या नायसिया परिषदेत सम्राट कॉन्स्टंटाइनने त्यांच्या असिसियस या बिशपला बोलावलं होतं. तो श्रद्धेच्या सगळ्या कलमांना हो म्हणाला, मग वेगळे का राहता? असिसियसने डेशियसच्या काळची सगळी हकिगत सांगितली. सम्राट म्हणाला, मग शिडी लाव आणि एकटाच चढ स्वर्गात. ही गोष्ट सांगणारा इतिहासकार सॉक्रेटिस नोव्हेशियनपंथीयांशी आपुलकीने वागणारा आहे, म्हणून मला ती खोटी वाटत नाही.

आता मोठी उडी. प्रश्नाचं रूप बदललं ते सिप्रियननंतर पावणेदोनशेक वर्षांनी, त्याच आफ्रिकेच्या किनाऱ्यावर. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत, ४२८-२९ च्या सुमारास, शेवटपर्यंत टिकणं याविषयी त्याने लिहिलं. टिकणं हीसुद्धा माणसाची कमाई नाही, ते देवाचं दान आहे. देवाने निवडलेले टिकतात. पण तुम्ही निवडलेल्यांतले आहात का, हे जिवंतपणी तुम्हाला खात्रीने कळू शकत नाही. बाप्तिस्मा मिळालेले, विश्वास असलेले सगळेच टिकतील असं नाही. बघा, प्रश्न चौकातून उठून देवाच्या मनात गेला. सिप्रियनच्या वेळी पडलेल्याला जायला एक दार होतं, तिथे विचारायला माणूस होता. आता विचारायचं कोणाला?

याचं भयानक रूप १५४८ मध्ये इटलीत दिसलं. पादुआजवळच्या चित्तादेल्ला गावचा वकील फ्रान्चेस्को स्पिएरा प्रोटेस्टंट मताचा झाला होता. व्हेनिसच्या इन्क्विझिशनपुढे त्याने ते मत जाहीर सोडलं. घरी आला आणि खचला. मी ख्रिस्ताला नाकारलं, माझी निवड कधी झालीच नव्हती, हे त्याने मनाशी ठरवून टाकलं. अन्न सोडलं. पादुआत त्याला बघायला विद्वानांची रीघ लागली, त्यात बिशप वेर्जेरियो होता, कायद्याचे प्राध्यापक होते. पेत्रानेही नाकारलं होतं, त्याला क्षमा झाली, असं ते सांगत. स्पिएराला प्रत्येक दाखला माहीत होता आणि प्रत्येक दाखला त्याच्यासाठी नव्हता. वर्षअखेर तो त्याच निराशेत गेला. त्याच्या हकिगतीला प्रस्तावना लिहिणाऱ्यांत कॅल्विन होता. न्यूमेरिया आणि कँडिडासाठी निदान एक भाऊ पत्र लिहीत होता. स्पिएराने स्वतःविरुद्ध स्वतःच निकाल दिला, आणि त्यावर अपील नव्हतं.

कॅथलिक चर्चने १५४७ च्या ट्रेंटच्या बैठकीत आपलं उत्तर पक्कं केलं होतं : गंभीर पापाने कृपा जाते, प्रायश्चित्ताच्या संस्काराने परत मिळते. थोडक्यात, सिप्रियनचं दार उघडं. प्रोटेस्टंटांकडे ते दार त्या रूपात उरलं नव्हतं, म्हणून त्यांच्यात प्रश्न पेटला तो हॉलंडमध्ये. लायडेनचा प्राध्यापक आर्मिनियस १६०९ मध्ये वारला. खरा विश्वासी पूर्ण ढळू शकतो असं मी कधी शिकवलेलं नाही, पण तसं सुचवणारी वचनं आहेत, असं तो म्हणे. १६१० मध्ये त्याच्या अनुयायांनी पाच कलमी निवेदन दिलं, त्यातल्या पाचव्या कलमातही हा मुद्दा आणखी अभ्यासासाठी उघडा ठेवला होता. मला ते कलम आवडतं. धर्मशास्त्रात 'अजून बघू' असं लिहिणारे थोडेच.

पण तेव्हा हॉलंडमध्ये 'अजून बघू' म्हणण्याचे दिवस नव्हते. कोणत्या मताचा पाद्री कोणत्या गावात बसतो यावर प्रांतांची सत्ता ठरत होती. नोव्हेंबर १६१८ ते मे १६१९ डॉर्डरेख्त शहरात परिषद चालली. इंग्लंड, स्वित्झर्लंड, जर्मन संस्थानं इथून प्रतिनिधी आले. फ्रान्सच्या राजाने आपल्या लोकांना जाऊ दिलं नाही. आर्मिनियसवाल्यांना जानेवारीतच हाकलून दिलं. निकाल असा : देव आपल्या निवडलेल्यांना राखतो; ते दाविदासारखे, पेत्रासारखे भयंकर पडू शकतात, पण कायमचे पडत नाहीत. आणि ही खात्री विश्वासी माणसाला याच जन्मी मिळू शकते. ऑगस्टीनच्या पुढे टाकलेलं हे पाऊल. स्पिएरासारख्यांना ते औषध म्हणून दिलं होतं, हे विसरू नये. मात्र परिषदेनंतर चारच दिवसांनी, १३ मे १६१९ ला, आर्मिनियसवाल्यांना आसरा देणारा ७१ वर्षांचा मुत्सद्दी ओल्डेनबार्नेवेल्ट याचा हेगमध्ये शिरच्छेद झाला. आरोप राजद्रोहाचा होता. कायदेपंडित ग्रोशियसला जन्मठेप झाली. तो दोन वर्षांनी पुस्तकांच्या पेटीत बसून किल्ल्यातून निसटला.

या दोन्ही धारा आपल्याकडे आल्या. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेलं आणि पुढे अहमदनगरात रुजलेलं अमेरिकन मराठी मिशन, १८२९ पासून मुंबईत काम करणारे स्कॉटिश जॉन विल्सन, हे कॅल्विनच्या घराण्यातले. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत सभा घेणारा विल्यम टेलर मेथडिस्ट, म्हणजे वेस्लीच्या घराण्यातला. आणि वेस्लीने १७५१ मध्ये स्वतंत्र पुस्तिका लिहून सांगितलं होतं की विश्वासी माणूस ढळू शकतो, तारण गमावू शकतो. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल परंपरेचे, बॅप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन मेथडिस्ट असे सहा गट एका छपराखाली आले. डॉर्डरेख्तमध्ये ज्यांनी एकमेकांना दार दाखवलं असतं, त्यांचे वारसदार आता एकाच बाकावर बसतात. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट त्या वेळी बाहेर राहिले, पण त्याचं कारण हा सिद्धांत नव्हता.

कार्थेजची गोष्ट मात्र २५८ मध्ये संपली नाही. ३०३ मध्ये पुन्हा छळ झाला. या वेळी अधिकाऱ्यांनी बळी मागण्याआधी शास्त्राची पुस्तकं मागितली, आणि ती मुकाट्याने देणाऱ्यांत बिशपही निघाले. पडलेल्या बिशपने दिलेला अभिषेक खरा की खोटा, या प्रश्नावर आफ्रिकेची मंडळी शंभर वर्षं दुभंगली. ४११ मध्ये दोन्ही बाजूंचे मिळून पाचशेहून जास्त बिशप एका सभागृहात समोरासमोर आले. पुढच्या भागात त्या सभागृहात जाऊ. नमस्कार.